डोक्याशी उभी राहणारी बाई

सिझरच्या वेळी ऑपरेशनच्या टेबलाभोवती बरीच माणसं असतात. एका बाजूला बाळंतपणाचे डॉक्टर, समोर त्यांचे मदतनीस, हत्यारं देणारी सिस्टर, कोपऱ्यात बाळाचे डॉक्टर. सगळ्यांचं लक्ष पोटाकडे. आणि एक बाई पेशंटच्या डोक्याशी उभी असते. ती कधी आली ते पेशंटला कळत नाही आणि काम झाल्यावर कुठे गेली तेही कळत नाही. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, त्यामुळे ती बाई दिसायला कशी होती हे तर कुणालाच सांगता येत नाही. ती बाई म्हणजे मी. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून मी तेहतीस वर्षं भूल दिली. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द फक्त माझ्या शिक्क्यावर होता. लोकांसाठी मी भुलीच्या बाई. खरवईच्या एका आजींनी तर आपल्या नातवाला माझी ओळख करून दिली होती, "ही बघ, झोपवनारी बाय." नातू पळून गेला.

आमच्या धंद्याची गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. फिरत्या भूलतज्ज्ञाला स्वतःचं हॉस्पिटल नसतं. गाडीच्या डिकीत औषधांची आणि नळ्यांची बॅग, हातात फोन. सकाळी उल्हासनगरला हर्निया, दुपारी अंबरनाथला कुणाचा मोडलेला पाय, संध्याकाळी बदलापूरला सिझर. बाई गरोदर राहिली की डॉक्टर निवडताना काय काय करते. नणंदेला विचारते, शेजारणीला विचारते, दोन ठिकाणी जाऊन बघून येते. भुलीच्या बाईला मात्र आजवर कुणी निवडलेलं नाही. पेशंटला माझं पहिलं दर्शन होतं तेच पाठीत सुई घालायच्या पाच मिनिटं आधी, आणि दर्शन म्हणावं तर मी पाठीमागे. तिला ऐकू येतो तो फक्त आवाज.

याचा मला बरीच वर्षं अभिमान वाटायचा. आपण येतो, काम करतो, जातो. कुणाचं देणं-घेणं नाही. तो अभिमान उल्हासनगरच्या एका कापडाच्या दुकानात उतरला. मी परकराचं कापड घेत होते. दुकानदाराला म्हटलं, "अजून जरा गडद दाखवा." शेजारी उभ्या असलेल्या बाईनं झटकन वळून बघितलं.

"तुम्ही भुलीच्या मॅडम ना?" ती म्हणाली.

मला केवढा आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं. मी विचारलं, "कसं ओळखलंत?"

"आवाजावरून. तुम्ही माझ्या सिझरला होतात. मुलगा आठवीत आहे आता."

मी म्हटलं, छान, छान. तेव्हा ती हसूनच म्हणाली, "तुम्ही मला म्हणाला होतात, हललीस तर जन्माची लुळी पडशील. अजून कुठलंही इंजेक्शन घ्यायचं म्हटलं ना मॅडम, की आधी तेच ऐकू येतं."

तिच्या मनात राग नव्हता. नंतर तिनंच मला योग्य रंगाचं कापड निवडून दिलं. मला मात्र ती बाई आठवेना, तो दिवस आठवेना. वाक्य तेवढं आठवलं, कारण मी ते बऱ्याच जणींना म्हणत असे. घाईत असले की तोंडात तेच यायचं आणि बायका गपगार व्हायच्या. कापड घेऊन गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्ली लावली नाही.

आता प्रणालीची गोष्ट सांगते. त्या दिवसाचा विचार करताना मला अजून हसू येतं.

बदलापूरच्या ज्या हॉस्पिटलात मी जास्त करून जायचे, ते तीन डॉक्टरांनी मिळून चालवलेलं होतं. त्यांचंच दुसरं हॉस्पिटल उल्हासनगरला. सर्वांत मोठ्या डॉ. कांचन. शांत, कमी बोलणाऱ्या, त्यांनी नुसता पोटावर हात ठेवला तरी बायकांना बरं वाटायचं. दुसरे डॉ. हरेश. उल्हासनगरच्या सिंधी घरातले, सहा फूट उंच, तेवढाच घेर, जाड मिशा. हात मात्र असे हलके की त्यांनी घातलेले टाके शोधावे लागायचे. तिसऱ्या डॉक्टर त्या वेळी स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तिघांच्या पाळ्या ठरलेल्या असत. आता बाईनं नऊ महिने कुणाला दाखवलंय हे काही बाळाला माहीत नसतं. ते आपल्या वेळेला निघतं आणि त्या वेळी ज्याची पाळी असेल तो समोर येतो. कागदावर ही व्यवस्था फार सोयीची. कळा देणाऱ्या बाईला विचाराल तर ती वेगळं सांगेल.

प्रणाली चामटोलीची सून. अंबरनाथच्या एमआयडीसीत, औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. दिवसभर बुचं बघायची, चांगली ती पास, वाकडी ती बाद. नऊ महिने ती न चुकता डॉ. कांचनकडे आली होती. ती दुपारी कळा देत आली तेव्हा डॉ. कांचन उल्हासनगरला एका अवघड ऑपरेशनात अडकल्या होत्या. समोर आले डॉ. हरेश.

मी त्या दिवशी तिथलंच एक ऑपरेशन आटपून सिस्टरांच्या टेबलावर नोंदी लिहीत बसले होते. लेबर रूमचं दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, तुमच्याशी माझं काही भांडण नाही," प्रणाली म्हणाली. "पण मी मॅडमसाठी थांबते."

"थांब ना बेटा, बिनधास्त थांब," डॉ. हरेश म्हणाले. "पण बाळाला पण सांग, थांबायला."

"तुम्ही मला आजपर्यंत एकदाही बघितलेलं नाही."

"केसपेपर पूरा वाचलाय मी तुझा. पहिल्या पानापासून."

"केसपेपर म्हणजे मी नाही, सर."

तेवढ्यात कळ आली. डॉ. हरेशनी घड्याळावर ती मोजली. कळ ओसरल्यावर प्रणालीनं घाम पुसला आणि म्हणाली, "मग मी तुम्हाला थोडे प्रश्न विचारते."

"विचार."

"पेशंट ओरडली तर तुम्ही चिडता का?"

"पेशंट ओरडली तर नाय. बायको ओरडली तर चिडतो."

"जेवलात का?"

"हो. दालपकवान."

"कधी?"

डॉ. हरेशनी जरा आठवल्यासारखं केलं. "सकाळी. साडेसात असेल."

"म्हणजे जेवला नाहीत. आता अडीच वाजले. भुकेला माणूस घाई करतो, मी रोज लाइनवर बघते. दोन वाजता जेवणाच्या आधी सगळ्यात जास्त माल वाकडा पास होतो." आणि तिनं बाहेर बसलेल्या सासूला हाक मारली. "आई, डब्यातली भाकरी डॉक्टरांना द्या."

सासूबाईंना हे सगळंच पटत नव्हतं. डबा उघडता उघडता त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "डॉक्टर तो डॉक्टर. पोर काय त्याचा थोबाड बघून येनार हाय का?" पण भाकरी मोठी निघाली. तांदळाची भाकरी आणि सुकट. डॉ. हरेश पॅसेजमध्ये उभ्या उभ्या जेवले आणि एक तुकडा मलाही दिला. सासूबाई त्यांच्या जेवण्याकडे बघत होत्या. दुसरी भाकरी त्यांनी न मागता दिली, आणि मला वाटतं डॉ. हरेशबद्दलचं त्या घराचं मत तिथंच निम्मं बदललं.

उरलेलं निम्मं बदलायला अजून दोन तास गेले. त्या दोन तासांत प्रणालीनं त्यांना काय काय विचारलं याची यादी मी करत नाही. ते घोरतात का, इथपर्यंत गाडी आली होती. डॉ. हरेश प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते. मध्ये मध्ये येऊन बाळाचे ठोके ऐकत होते. रेखा सिस्टर, आमच्या लेबर रूमच्या प्रमुख, तोंडाला पदर लावून हसत होत्या. दर अर्ध्या तासानं प्रणालीचा नवरा निलेश डॉ. कांचनना फोन लावून बघत होता. फोन वाजत होता, उचलला जात नव्हता.

चार वाजून गेल्यावर पाणी गेलं. ते हिरवट होतं. बाळानं पोटातच शी केली की पाणी असं होतं आणि ते बाळाच्या छातीत गेलं तर त्रास होतो. रेखा सिस्टरनी ठोके ऐकायला यंत्र लावलं. ठक ठक ठक चालणारा आवाज मंद झाला, परत नीट झाला, पुढच्या कळेला परत मंद झाला. मी लिहिणं थांबवलं, पेन खिशाला लावलं आणि मास्क चढवून आत गेले. पुढे काय होणार ते मला कळलं होतं.

डॉ. हरेशनी स्टूल ओढलं आणि प्रणालीच्या तोंडासमोर बसले. इतक्या मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी ऐकला नव्हता.

"प्रणाली, आता मी मस्करी नाही करत. बाळ दमतंय. सिझर करायला लागेल, आणि आत्ता."

"मॅडमना यायला किती वेळ लागेल?"

"अजून त्या ऑपरेशनमधे आहेत. निघाल्या तरी चाळीस मिनिटं."

"माझ्याकडे किती वेळ आहे?"

"विचार करायला दोन मिनिटं."

तिनं ती दोन मिनिटं खरोखरच विचार करण्यात घालवली. डोळे मिटून पडली होती. निलेश दारात उभा होता. मग तिनं विचारलं, "मॅडम असत्या तर त्यांनी काय केलं असतं?"

"हेच."

"भूल कोण देणार?"

डॉ. हरेशनी माझ्याकडे बोट दाखवलं. प्रणालीनं मान वळवून मला बघितलं. एका अनोळखी माणसाला भाकरी घालून, दोन तास प्रश्न विचारून कुठे पास करत आणलं होतं, आणि आता हे दुसरं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी सही करते," ती म्हणाली. "पण मला एकेक गोष्ट आधी सांगायची. मी हो म्हटल्याशिवाय पुढचं करायचं नाही."

एरवी मी म्हटलं असतं, बाळा, आता वेळ नाही, मुकाट्यानं पाठ वाकव. ते शब्द अगदी जिभेवर होते. पण मला ते कापडाचं दुकान आठवलं. मी मास्क खाली केला, तिला माझा चेहरा दाखवला, नाव सांगितलं आणि म्हटलं, "कबूल. पण हो म्हणताना तूही वेळ काढायचा नाहीस."

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला कुशीवर वळवलं. रेखा सिस्टर इंजेक्शनची एक बाटली घेऊन पुढून गेल्या, तर ही म्हणते, "बघू." रेखा सिस्टरनी बाटली तिच्या नाकासमोर धरली. मला वाटलं, तिच्याच कारखान्याचं बूच निघेल आणि तिला धीर येईल. तिनं बारीक डोळे करून बघितलं.

"आमचं नाही," ती म्हणाली. "पण बरं आहे."

मी तिच्या पाठीमागे गेले. "आता मी तुझ्या मागे आहे. कंबरेला गार औषध लावते."

"हो."

"आता डास चावल्यासारखं होईल. ती जागा बधिर करायला."

"हो."

"आता मुख्य सुई. दुखणार नाही, दाबल्यासारखं वाटेल. कळ येतेय का?"

"येतेय. थांबा."

थांबलो. सहा फुटी डॉ. हरेश हात धुऊन, निर्जंतुक कपडे घालून, दोन्ही हात छातीशी धरून उभे होते. रेखा सिस्टरनी प्रणालीची मान आणि गुडघे धरले होते. यंत्रावर बाळाचे ठोके परत मंद झाले. मला वाटत होतं की हा वेळ माझ्या आयुष्यातून कुणीतरी कापून नेतंय.

"गेली," प्रणाली म्हणाली. "करा."

ती केसभरही हलली नाही. सुई पहिल्याच प्रयत्नात बरोबर जागी गेली. घाबरून आक्रसलेल्या पाठीत मी कित्येकदा तीन-तीन वेळा सुई घातली आहे. घड्याळात बघितलं तर या सगळ्या हो-ला-हो प्रकाराला माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त लागलं नव्हतं.

"पाय गरम होतायत," ती म्हणाली.

"तसंच व्हायला हवं."

"मग पास."

तिला सरळ करून मी माझ्या जागेवर आले, डोक्याशी. मधे हिरवा पडदा. डॉ. हरेशनी काम सुरू केलं. पडद्याआडून त्यांचा आवाज आला, "आता पोट ओढल्यासारखं वाटेल हां, प्रणाली. बॅगेत कुणी काही शोधतंय, तसं." त्यांनाही सांगायची सवय लागली होती.

बाळ बाहेर आलं. मुलगी. ती रडली नाही.

बाळाच्या डॉक्टरांनी तिला कोपऱ्यातल्या उबदार टेबलावर घेतलं. प्रणालीनं मान वर करून उलट्या दिशेनं माझ्याकडे बघितलं.

"का रडत नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे वर्षानुवर्षांचं एक तयार उत्तर होतं: सगळं ठीक आहे. बाईचं वरचं अंग थरथरत असतं, रक्तदाब सांभाळायचा असतो, म्हणून आम्ही असं म्हणतो. प्रणालीला ते म्हणता येईना. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"बाळ ढिलं आहे. डॉक्टर मास्कनं हवा देतायत. मला इथून दिसतंय. जे दिसेल ते सांगते."

"रंग?"

"निळसर."

"आता?"

"तसाच. छाती वर येतेय, ती हवेमुळे."

"आता?"

"हात हलला. डावा हात."

"आता?"

"रंग बदलतोय. ओठ गुलाबी व्हायला लागलेत."

आणि मग मांजरीच्या पिल्लासारखा एक आवाज आला, त्यामागून दुसरा, आणि नंतर त्या पोरीनं असा गळा काढला की बाहेर बसलेल्या आजीला आत चाललंय काय ते सांगायची गरज पडली नाही. प्रणाली रडत होती. मी रडत होते. माझा मास्क ओला झाला होता आणि चष्म्यावर वाफ. इतक्या वर्षांत मी थिएटरमध्ये कधी रडले नव्हते, कारण माझ्याकडे कुणी बातमी मागितलीच नव्हती.

"वजन?" प्रणालीनं विचारलं.

"दोन किलो नऊशे," कोपऱ्यातून बाळाचे डॉक्टर म्हणाले.

"पास," पडद्याआडून डॉ. हरेश म्हणाले.

मग मात्र सगळेच हसायला लागलो. टाके घालताना हात हलायला लागला म्हणून डॉ. हरेशना दोनदा थांबावं लागलं. प्रणालीला हसता हसता काहीतरी आठवलं. "मॅडम, त्या बाळाच्या डॉक्टरांना मी काहीच विचारलं नाही," ती म्हणाली. "त्यांचं नाव काय?"

साडेपाचला डॉ. कांचन धापा टाकत आल्या. त्यांचं उल्हासनगरचं पेशंटही वाचलं होतं, पण चेहरा पार उतरला होता. "प्रणाली, मी तुला शब्द दिला होता गं," त्या म्हणाल्या.

प्रणाली बाळाला छातीशी धरून पडली होती. "मॅडम, तुम्ही किती दमलाय," ती म्हणाली. "बसा ना. आई, मॅडमना भाकरी द्या."

भाकरी उरली नव्हती. कोणी संपवली ते सासूबाईंनी लगेच सांगितलं.

टाके काढायला आली तेव्हा प्रणालीनं एक कागद आणला होता. कारखान्यात लिहितात तसा अहवाल, खाली सही. दोष: पेशंटला काम करणाऱ्यांची आधी ओळख नाही. परिणाम: भीती. उपाय: काम करणाऱ्या सर्वांना आठव्या महिन्यात पेशंटसमोर उभे करावे, भूल देणाऱ्या बाईंसह. डॉ. कांचनना आधी थोडं लागलं. नऊ महिने जीव लावून बघितलेल्या मुलीनं दोष काढला होता. संध्याकाळी त्यांनीच तो कागद स्टाफरूमच्या भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "शनिवारी दुपारी जमेल का सगळ्यांना?"

असा आमचा ओळखीचा शनिवार सुरू झाला. महिन्यातून एकदा, आठवा महिना लागलेल्या बायका, सोबत आई नाही तर सासू, मागे संकोचून उभे नवरे. चहा आणि चिवडा. बायकांनी हवं ते विचारायचं. आम्ही सगळे बिनमास्कचे ओळीनं बसायचो, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे, फक्त इथं बघितले जात होतो आम्ही. पहिल्याच शनिवारी मांजर्लीच्या एका बाईनं मला विचारलं की कंबरेला सुई देता म्हणजे नक्की कसं झोपवता, ते दाखवा. जमिनीवर सतरंजी घातली. झोपायला कुणी तयार होईना. शेवटी डॉ. हरेश उठले आणि सतरंजीवर कुशीवर झाले.

"गुडघे पोटाशी," मी म्हटलं.

"पोट मधे येतंय," ते म्हणाले. बायका हसायला लागल्या.

मी त्यांच्या मागे गुडघे टेकून बसले. ओला कापूस हातात घेतला आणि नेहमीसारखं सांगितलं, "आता कंबरेला गार लागेल." कापूस टेकला मात्र, तो एवढा मोठा माणूस वीतभर उडाला.

"मॅडम, आधी सांगा ना."

"सांगितलं की तिनी," पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली.

"सांगितलं. पण मी हो कुठे म्हटलं?"

हशा इतका झाला की चहा देणारी मावशी दारातून डोकावली. डॉ. हरेशनी मान मागे वळवून मला बघायचा प्रयत्न केला. त्या स्थितीत मागचं दिसत नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू कमी होत गेलेलं समोरच्या बायकांना दिसलं असावं, कारण त्यांचंही हसणं थांबलं.

"थांबा जरा," ते म्हणाले.

आम्ही सगळे थांबलो. त्या म्हातारीनं आपण होऊन हात पुढे केला. डॉ. हरेशनी तो धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हो."